करड्या घोडीचं चित्रीकरण

वेंडेल स्टकी बावीस वर्षांत एकदाही रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात बसले नव्हते, ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द वेंडेल स्टकी. बाकी आमच्या जिल्ह्यात त्यांची कीर्ती अगदी उलटी. ते रोलर कोस्टर प्रेमी मंडळाचे सचिव, पेनसिल्व्हेनियापासून टेक्सासपर्यंत एकशे त्रेचाळीस वेगवेगळ्या कोस्टरवर बसून आलेले, आणि पाळण्यात बसावं तसे बसून आलेले, असं लोक समजत. पहिल्या डब्याच्या रांगेत नंबर लागला की साहेब हसून मागे सरत. म्हणत, "जाऊ दे त्या पोरांना. आपलं काय, नेहमीचंच आहे." मग साहेब सहाव्या डब्यात बसत, मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा घट्ट धरत, डोळे गच्च मिटत आणि गाडी थांबली की सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत. केवढं मोठं मन, असं लोक म्हणत. साहेब ते ऐकून घेत. माणसाला नाही म्हणायचा कंटाळा असतो.

सरकारी नोकरीत साहेब वजनमापांचे निरीक्षक होते. पेट्रोल पंपाचा गॅलन खरंच गॅलन आहे का, खाटकाचा काटा पौंडाला पौंड दाखवतो का, हे तपासून त्यावर गोल स्टिकर चिकटवायचं, हे त्यांचं काम. असा माणूस स्वतः खोट्या वजनाचा निघाला तर काय, ही धास्ती त्यांना होती. पण बावीस वर्षं निभलं होतं, आणखी बावीस निभेल, असं ते धरून चालले होते. इतक्यात एमिल वोंड्रा यांनी निवृत्त व्हायचं ठरवलं.

एमिल वोंड्रा म्हणजे आमच्या लिंडेन लेक पार्कातल्या लाकडी रोलर कोस्टरचे सुतार. या कोस्टरचं नाव ‘ग्रे मेअर’, म्हणजे करडी घोडी. गावात सगळे तिला नुसतं घोडीच म्हणतात. लाकडी कोस्टरची एक रीत असते. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी एक माणूस सगळ्या मार्गावरून पायी चालत जातो, हातात हातोडी, कमरेला पाना. फळी हलली की ठोकायची, बोल्ट सैल झाला की आवळायचा. एमिल हे एकेचाळीस वर्षं करत होते, उन्हात आणि थंडीत, रविवारीसुद्धा चर्चच्या आधी. आणि एकेचाळीस वर्षांत ते घोडीवर एकदाही बसले नव्हते. विचारलं तर म्हणत, "सकाळी काम असतं, संध्याकाळी पाय दुखतात." आता हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी घोडीकडे बघायचीसुद्धा जवळजवळ बंदी केली होती.

ऑगस्टच्या सभेत मंडळाच्या अध्यक्ष रोबर्टा क्लिंगर उभ्या राहिल्या. बाई शाळेत व्यायाम शिकवायच्या, त्यामुळे साधं बोलणंसुद्धा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं.

"म्हाताऱ्याला निरोपाच्या जेवणाला घड्याळ नको द्यायला. त्याच्याकडे चार आहेत. त्याला पहिल्या डब्यातून घोडी दाखवायची. व्हिडिओ काढायचा, पहिल्या चढापासून शेवटच्या ब्रेकपर्यंत. ज्या वाटेवरून तो जन्मभर चालला ती बसून कशी दिसते ते एकदा बघू दे बिचाऱ्याला. कोण काढणार?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. त्या दिशेला स्टकीसाहेब बसले होते, आणि त्यांच्या मागे भिंत होती.

"मी तयार आहे," साहेब म्हणाले. आपल्या तोंडातून हे कसं निघालं, याचा त्यांनी पुढे पुष्कळ विचार केला.

घरी आल्यावर डोरीनबाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, एकच प्रश्न विचारला. "वेंडेल, तुला शिडीवर चढून दिवा बदलता येत नाही. हे कसं करणार आहेस?"

"शिडी वेगळी," साहेब म्हणाले. "शिडीला दांडा नसतो."

पार्कात गाडीवर कॅमेरा न्यायचा तर पार्काच्या सुरक्षा विभागाची लेखी परवानगी लागते. हा विभाग म्हणजे तिकीटखिडकीमागची एक खोली आणि तीत बसलेल्या मिसेस ट्विचेल. साहेबांनी पहिल्याच दिवशी अर्ज सुवाच्य अक्षरात भरून नेला. अर्ज करण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्यांची समजूत होती. मिसेस ट्विचेल यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"मिस्टर स्टकी, प्रवासी किती, या रकान्यात तुम्ही एक लिहिलंय."

"एकच आहे. मीच."

"एका माणसासाठी गाडी सोडता येत नाही. सकाळच्या गारठ्यात रिकामी गाडी मधल्याच टेकडीवर अडकते. वजन लागतं. माणसांच्या जागी पाणी भरलेले पुतळे बसवावे लागतील."

"मग बसवा."

"बसवू. पण मग प्रवासी एक कसे?"

"बाई, पुतळे प्रवासी नाहीत."

"त्यांच्या मांडीवर दांडा येतो ना? दांडा येतो तो प्रवासी." बाईंनी अर्ज परत दिला. साहेबांनी घरी जाऊन दुसरा अर्ज भरला आणि प्रवासी चोवीस लिहिले, त्यांपैकी तेवीस पाण्याचे. तो परत आला, कारण कॅमेरा दोन ठिकाणी बांधलेला असावा, एक पकड आणि एक दोरी, आणि दोन्हींचे फोटो जोडलेले नव्हते. तिसरा परत आला, कारण फोटोत साहेबांचा अंगठा आला होता आणि परवानगीशिवाय कोणाही व्यक्तीचा कुठलाही भाग दिसता कामा नये असा नियम होता. "अंगठा माझाच आहे," साहेब म्हणाले. "तसं लिहून आणा," बाई म्हणाल्या. साहेबांनी आयुष्यभर लोकांना असंच पळवलं होतं. हे आपल्यालाच कोणी करावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मध्यंतरी शेजारच्या गसची मदत सुरू झाली. गस हा निवृत्त प्लंबर. निवृत्त प्लंबरच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला काहीही एकट्याने करता येत नाही. साहेब गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरवर कॅमेरा बांधून अंगणात फेऱ्या मारत होते, तेव्हा गस कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला.

"वेंडेल, हे काय, गवताचा सिनेमा?"

साहेबांनी मोठेपणाने सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळी दोघांनी बसून व्हिडिओ पाहिला. चित्र झकास होतं. आवाज मात्र नुसता वाऱ्याचा, कोणीतरी कानात पिशवी चुरगळतंय असा.

"हे नाही चालणार," गस म्हणाला. "लाकडी कोस्टरमध्ये बघायचं काय असतं? आवाज असतो. ती धडधड, ती करकर. त्याच्याशिवाय म्हाताऱ्याला काय कळणार?"

हे मंडळातही सगळ्यांचं मत होतं. लोखंडी कोस्टर डोळ्यांनी बघायची, लाकडी कोस्टर कानांनी ऐकायची, यावर आमच्याकडे दोन माणसांत दुमत नाही. तेव्हा कॅमेऱ्याला वायरने जोडलेला एक छोटा माइक आला. त्याच्यावर वारा लागू नये म्हणून डोरीनबाईंनी एक जुना मोजा दिला. मोजा पुरला नाही. गसने पाइपाला गुंडाळायचा स्पंज आणला, तोही पुरला नाही. साहेबांनी मोटारीच्या टपावर माइक बांधून गावातून ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाने तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला पोलिसाने थांबवलं आणि टपावर मोजा का आहे, असं विचारलं. साहेबांनी निरीक्षकाचं ओळखपत्र दाखवलं. पोलिसाने ते बघितलं, मग मोज्याकडे बघितलं, आणि निघून गेला. त्याने दंड केला असता तर बरं वाटलं असतं.

शेवटी गसलाच सुचलं. "जिथे वारा लागत नाही अशी गाडीत एकच जागा आहे. तुझं जाकीट. माइक कॉलरच्या आत, हनुवटीखाली. वरून मफलर."

"आणि घोडीचा आवाज?"

"तो काय, हाडांतून येतो," गस म्हणाला. त्याच्या आवाजात प्लंबरचा आत्मविश्वास होता. साहेबांना पटलं.

माइक आपल्या तोंडापासून चार बोटांवर येतो, ही गोष्ट वजनमापांच्या निरीक्षकाने मोजली नाही. का मोजावी? आपण गाडीत शांत असतो, याची त्यांना खात्री होती. सहाव्या डब्यात चहूबाजूंनी लोक ओरडत असताना त्यांनी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. उलट मंडळासाठी चित्रीकरणाची दोन पानी नियमावली त्यांनीच लिहिली होती, आणि तिचं चौथं कलम असं होतं: ‘चित्रीकरण करणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढू नये. बोलायचा अधिकार गाडीचा.’

ऑक्टोबरातला तो रविवार उजाडला. निरोपाचं जेवण दुपारी होतं, चित्रीकरण सकाळी. धुकं तळ्यावरून उठून घोडीच्या पहिल्या टेकडीपर्यंत आलं होतं. टेकडी एरवी शंभर फूट आहे. त्या दिवशी ती वाढली होती, असं साहेब आजही शपथेवर सांगतील. एमिल डॉक्टरांना न जुमानता पहाटेच मार्गावरून शेवटचं चालून, हातोडी जागेवर ठेवून, कपडे बदलायला घरी गेले होते. गाडीत तेवीस पुतळे बसले होते, निळ्या प्लास्टिकचे, डोकी नसलेले, पोटात पाणी. पहिल्या डब्यातली एक जागा मोकळी होती.

साहेबांनी पुतळ्यांची वजनं तपासायची मागणी केली. अर्जावर प्रत्येकी एकशे सत्तर पौंड लिहिलं होतं, आणि न तपासलेल्या वजनावर आपण सही करत नसतो. गाडी चालवणारे कपाळाला हात लावून बसले. साहेबांनी मोटारीतून सरकारी काटा आणला आणि एकेक पुतळा उचलवून मोजला. एक पुतळा सात पौंड कमी भरला. साहेबांचा चेहरा खुलला. तो भरायला बादली आणली, बादलीला नळ सापडेना, आणि त्या सगळ्यात पाऊण तास गेला. आणखी दोन पुतळे कमी भरले असते तर जेवणाची वेळ झाली असती. पण बाकीचे सगळे प्रामाणिक निघाले.

"झालं?" रोबर्टाबाई फलाटावरून गरजल्या.

"झालं," साहेब म्हणाले, आणि बसले. दांडा खाली आला.

दोन मिनिटांनी गाडी परत आली तेव्हा साहेबांचे केस उभे होते आणि मफलर शेजारच्या पुतळ्याच्या अंगावर होता. पण पाठ ताठ होती. "कसं झालं?" बाईंनी विचारलं. "नेहमीचंच," साहेब म्हणाले. घसा का बसलाय ते त्यांना कळेना. गारठा असेल, असं त्यांनी ठरवलं.

आता नियमाप्रमाणे कॅमेऱ्यातलं कार्ड थेट मिसेस ट्विचेल यांच्याकडे गेलं. कुणाचा चेहरा नकळत आलाय का, एवढंच त्यांना बघायचं असतं. त्यांनी आवाज बंद करून सगळा व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून पाहिला, कुणाचाही अंगठा नाही याची खात्री केली आणि ‘हरकत नाही’ असा शिक्का मारला. आधी एकट्याने बघून घ्यायची मंडळात पद्धत नाही. नवा व्हिडिओ सगळ्यांनी एकत्रच पहिल्यांदा बघायचा, नाहीतर त्याला अर्थ नाही असं मानतात. कार्ड तिथून सरळ जेवणाच्या मंडपातल्या पडद्याकडे गेलं.

मंडपात दीडशे माणसं होती. उकडलेल्या करंज्यांसारख्या पिएरोगी, कोबी-शेवया, हॅमचा रोस्ट आणि घोडीच्या आकाराचा केक होता. केकचा एक पाय कोणीतरी आधीच खाल्ला होता. एमिल पहिल्या रांगेत मधोमध बसले होते, टाय लावून. टायची त्यांना सवय नव्हती. ते सारखे हात गळ्याशी नेत होते आणि मग आठवण होऊन तो खाली ठेवत होते.

साहेबांनी चार शब्द बोलायचं कबूल केलं होतं. ते सोळा मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "आता कृपया शांतता. आता फक्त घोडी बोलेल."

पडदा उजळला. चढावर गाडी ओढणारी साखळी दिसली, फळ्यांची वाट थेट आभाळात गेलेली. चित्र खरोखर सुंदर होतं. आणि मग मंडपाच्या आठही स्पीकरमधून कोणाचा तरी श्वास ऐकू आला. दमेकऱ्यासारखा, जवळून. घोडीची साखळी कुठेतरी लांब, दुसऱ्या गावात वाजत होती.

"वेंडेल," तो श्वास म्हणाला. "गाढवा. अरे गाढवा. कशाला हो म्हणालास?"

मंडपात कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांना क्षणभर वाटलं, हा दुसराच कोणी वेंडेल असेल.

"बाजूला जिना आहे. उतरता येईल. अजून उतरता येईल. बावीस वर्षं चुकवलं रे देवा, आणि आता... गेला. जिना गेला."

गाडी माथ्यावर पोहोचली. पडद्यावर तळं, झाडं, सोनेरी सकाळ.

"आऽऽऽईऽऽऽ!"

स्पीकर फाटायचे राहिले. मागच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या बाईने कानाचं यंत्र काढून ठेवलं.

"डोरीन! डोरीऽऽन! गॅस बंद कर! सगळं बंद कर!" आणि मग बहुतेक शेजारच्या निळ्या पुतळ्याला: "तू तरी बोल की काहीतरी, मेल्या!"

इथवर लोक हसत होते. डोरीनबाईंनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला होता. साहेब पडद्याशेजारी उभे होते. हे इथेच थांबलं तर माणूस दुसऱ्या राज्यात बदली मागून जगू शकतो, असा विचार त्यांच्या मनात आला. पण घोडीला तिसरी टेकडी आहे.

"हलतेय! फळी हलतेय! हा खिळा कोणी मारलाय? एमिल! आंधळ्या! एकेचाळीस वर्षं काय हातोडी खिशात घालून फिरलास? मारलंस रे म्हाताऱ्या, मला मारलंस!"

हसू जागच्या जागी थांबलं. कोणी चमचा खाली ठेवला, त्याचाही आवाज झाला. उरलेलं अर्धं मिनिट दीडशे माणसांनी मान खाली घालून नुसत्या किंकाळ्या ऐकल्या. मग ब्रेक लागला, गाडी थांबली, घसा खाकरल्याचा आवाज आला आणि तोच माणूस सरकारी स्वरात म्हणाला, "चित्रीकरण यशस्वीरीत्या पूर्ण झालेलं आहे."

साहेबांना लाज वाटली. नुसती वाटली नाही, ती पायांतून वर चढत आली आणि कानांपाशी येऊन थांबली. भित्रा ठरलो, खोटा ठरलो, हे तर झालंच. पण ज्या माणसाने एकेचाळीस वर्षं एक खिळा हलू दिला नाही, ज्याच्या हातावर विसंबून आपण सहाव्या डब्यात डोळे मिटून बसलो, त्याला त्याच्याच निरोपाच्या दिवशी, टाय लावून बसलेला असताना, सगळ्या गावासमोर आंधळा म्हटलं. आणि बघायला मिळण्याची त्याची ही एकच संधी होती. पुतळ्यांत आणखी एक बिनडोक्याचा पुतळा असता तरी यापेक्षा बरा व्हिडिओ झाला असता.

"एमिल," साहेब म्हणाले. "एमिल, मला... मी तसं..."

रोबर्टाबाई उठल्या आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलल्या. "एमिल, आपण याचा आवाज काढून टाकू. संगणकावर होतं ते. चित्र चांगलं आहे. नुसतं चित्र देऊ तुला घरी न्यायला."

एमिल पडद्याकडेच बघत होते. त्यांनी टायची गाठ सैल केली.

"आवाजासकट दे," ते म्हणाले. "आवाज काढल्यावर राहिलं काय? नुसत्या फळ्या. त्या मी रोज बघत होतो."

म्हातारा खुर्चीतच साहेबांकडे वळला.

"पोरा, तिसऱ्या टेकडीवर मीही तेच म्हणायचो. रोज. खाली उतरलो की वाटायचं, एक खिळा राहिला. परत जाऊन बघायचो, तर सगळे जागेवर. तरी वाटायचंच. म्हणून बसलो नाही कधी. पायबिय काही दुखत नाहीत माझे. दुसऱ्यांची पोरं बसवली आणि स्वतः नाही बसलो. हे मी आजवर माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तू निदान बसलास."

साहेबांना त्या दिवशी कोणी शिव्या घातल्या असत्या तर त्या त्यांनी आनंदाने घेतल्या असत्या. हे मात्र त्यांना घेता येईना. ते मंडपाबाहेर गेले आणि बराच वेळ मोटारीत बसून राहिले. डोरीनबाई केकचा तुकडा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गॅस मी बंद केला होता." मग दोघं घरी गेली.

साहेबांनी सचिवपदाचा राजीनामा दिला. रोबर्टाबाईंनी तो अर्जात त्रुटी आहेत म्हणून परत पाठवला. तीन आठवडे साहेब घरातून कामावर आणि कामावरून घरी, एवढेच हिंडले. पेट्रोल पंपावरची पोरं त्यांना बघून "आऽऽई" म्हणायची, आणि साहेब मान खाली घालून गॅलन मोजायचे. शेवटी त्यांनी क्षमापत्र लिहायला घेतलं. दोन पानी, कलमवार. एमिल आता वृद्धांच्या निवासात राहायला गेले होते. एका गुरुवारी दुपारी साहेब पत्र खिशात घालून तिथे गेले.

सामायिक खोलीच्या दाराशी पोहोचण्याआधीच त्यांना साखळीचा आवाज ऐकू आला. लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखा. आणि मग जवळून एक श्वास.

आत टीव्हीसमोर पंधरा-सोळा म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्या ओढून बसल्या होत्या. दोन दोनच्या ओळी केल्या होत्या, गाडीच्या डब्यांसारख्या. एमिल पहिल्या ओळीत होते. दोन्ही हात हवेत. साहेब मागे फिरणार इतक्यात शेवटच्या ओळीतल्या चाकाच्या खुर्चीवरच्या बाईंनी त्यांचं जाकीट पकडलं.

"उशीर केलात हो," त्या कुजबुजल्या. "आई होऊन गेली. पण बसा बसा, डोरीन यायचीय. आणि त्याच्यानंतर एमिलला शिव्या घालतो ना, ते ऐका. कोण आहे कोण जाणे, पण मन मोकळं आहे हो माणसाचं. आम्ही रोज चार वाजता बसतो."

त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. साहेबांनी खिशातलं क्षमापत्र चाचपलं, ते तिथेच राहू दिलं आणि बसले. कान तापले होते. टीव्हीत गाडी कोसळली, खोलीतले सगळे एकदम पुढे झुकले आणि थरथरत्या, फाटक्या, दात नसलेल्या सोळा आवाजांनी डोरीनला हाक मारली. स्टकीसाहेबांनी खाली मान घालून, बारीक आवाजात, आपलीही एक मिसळली.